वर गेलेलं कुठे पडतं?

रॉकेट वर जाताना बघायला सगळ्यांना आवडतं. काउंटडाउन, धूर, आग, कंट्रोल रूममधल्या टाळ्या, एकमेकांना मिठ्या, आणि बातमी तिथेच संपते. त्याचे रिकामे टप्पे, फाटलेले पत्रे, न फुटलेली दारू हे सगळं नंतर कुठेतरी पडतंच, पण ते ज्याच्या वावरात पडलं त्याला माइक घेऊन विचारायला कोणी जात नाही. माझं डोकं या बाबतीत पहिल्यापासून खालच्या बाजूने चालतं, त्याला कारण आमचं गाव. राहुरी तालुका, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं). आमच्याकडे के. के. रेंज आहे, खारे कर्जुनेची, लष्कराची. रणगाड्यांचं फायरिंग सुरू झालं की फडताळातली भांडी किणकिणायची आणि आजी वर न बघताच म्हणायची, "झालं का त्यांचं चालू." फायरिंग थांबलं की गोळ्यांचे तुकडे वेचायला जाणारी माणसं असायची, भंगारवाला पितळेला बरा भाव द्यायचा, आणि न फुटलेला गोळा हाताळताना कोणीतरी गेलं ही बातमी नगरच्या पेपरात अधूनमधून यायचीच. शिवाय नगर, राहुरी, पारनेर या तीन तालुक्यांतल्या २३ गावांच्या जमिनी रेंजला जाणार का, ही टांगती तलवार आहेच, निवडणूक आली की ती जरा जास्त हलते.

तर असा मी, नोकरीसाठी ॲडलेडला आलो, उत्तरेच्या सॅलिसबरी भागात घर घेतलं कारण तिथे घरं परवडतात आणि किराणा दुकानात बाजरीचं पीठ मिळतं, आणि मग कळलं की इथेही आपण एका रेंजच्या अंगणातच येऊन पडलोय. सॅलिसबरीला दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता. युद्ध संपल्यावर तोच कारखाना रॉकेटवाल्यांनी घेतला, ऑफिसं आणि वर्कशॉपं इथे थाटली आणि प्रत्यक्ष उडवाउडवीसाठी जागा निवडली वायव्येला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, वाळवंटात. वूमेरा.

मागची गोष्ट अशी की सप्टेंबर १९४४ पासून जर्मनांची व्ही-२ रॉकेटं लंडनवर पडायला लागली. आवाजाच्या आधी स्फोट, सायरन वाजवायलाही वेळ नाही. ब्रिटिशांनी युद्ध जिंकलं पण हे त्यांच्या मनातून गेलं नाही, आपल्याकडेही असलं काहीतरी पाहिजे म्हणून ते मागे लागले. अडचण एकच, बेट केवढं, शेकडो किलोमीटर जाणारं रॉकेट सोडायचं कुठे? कॅनडाचाही विचार झाला, पण जागा ठरली ती ऑस्ट्रेलियाची. १९४६ मध्ये लेफ्टनंट जनरल जॉन एव्हेट्स पाहणीला आले आणि १ एप्रिल १९४७ ला (तारीख त्यांनीच निवडली, मी नाही) लाँग रेंज वेपन्स एस्टॅब्लिशमेंट अधिकृतपणे सुरू झाली. नकाशावर वूमेरापासून वायव्येकडे एक रेघ मारली, ती निघते ती थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एटी माइल बीचला, हिंदी महासागरात. दोन हजार किलोमीटरच्या वर. एकेकाळी या बंद क्षेत्राचा पसारा २,७०,००० चौरस किलोमीटर होता. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३ आहे, म्हणजे कोकण आणि थोडा खानदेश सोडून बाकी सगळा महाराष्ट्र कुंपणात घाला आणि म्हणा, इथे आम्ही नेमबाजी करणार. आता ते क्षेत्र १,२२,००० च्या आसपास आहे. अर्ध्याहून कमी झालं, तरी इंग्लंडपेक्षा थोडंसंच लहान.

त्या रेघेखाली काय होतं? कागदावर काहीच नाही. सरकारी नकाशावर पांढरी जागा. प्रत्यक्षात तिथे मूळनिवासी होते, कोकाथा होते, पित्जंत्जत्जारा होते, पार पश्चिमेला मार्तू होते, शिवाय मेंढ्यांची आणि गुरांची स्टेशनं होती. 'स्टेशन' म्हणजे इथे शेतकऱ्याचा वाडा आणि त्याभोवती आपल्या तालुक्याएवढं कुरण. आणि हे कोणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. डॉ. चार्ल्स ड्यूगिड, मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉम्सन यांनी तेव्हाच बोंब मारली की त्या भागात माणसं राहतात, डोरिस ब्लॅकबर्न नावाच्या खासदार बाईंनी संसदेत विरोध केला, मेलबर्नमध्ये सभा झाल्या. त्यावर सरकारने काय केलं तर १९४७ मध्येच एक कायदा केला की असल्या संरक्षण प्रकल्पांना अडथळा आणला, त्यांच्यावर बहिष्कार घाला म्हणून लोकांना चिथावलं, तर तो गुन्हा. विषय संपला. आपल्याकडे ओडिशात बालियापालला १९८० च्या दशकात असंच टेस्ट रेंज येणार होतं, तिथल्या गावकऱ्यांनी रस्ते अडवून अडवून सरकारला दमवलं आणि ते बारगळलं. पण तिथे दाट वस्ती होती, पानमळे होते, मतं होती. वूमेराच्या रेघेखालच्या माणसांना मत तर सोडाच, ऑस्ट्रेलियाच्या घटनेत असं कलम होतं की देशाची लोकसंख्या मोजताना मूळनिवासींना धरायचं नाही. म्हणजे पांढरी जागा उगाच नव्हती, हिशोबात बसणारी होती.

सरकारने तोंडदेखलं म्हणून एक नेटिव्ह पेट्रोल ऑफिसर नेमला, वॉल्टर मॅकडूगल. एक माणूस, आणि त्याच्या वाटणीला आलेला मुलूख जवळजवळ युरोपातल्या दोन-चार देशांएवढा. दुसरा मदतनीस मिळाला तो १९५६ मध्ये. मॅकडूगल काही क्रांतिकारक नव्हता, मिशनमध्ये काम केलेला साधा सरळ माणूस, पण तो तक्रारी करत राहिला. इथे रस्ता नेऊ नका, तिथे लोकांचं पाणी आहे, हे डोंगर त्यांचे पवित्र आहेत. तेव्हाचे प्रमुख शास्त्रज्ञ ॲलन ब्यूटमेंट यांनी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते आजही वाचायला मिळतं, मथितार्थ असा की हा गृहस्थ मूठभर नेटिव्हांचं हित अख्ख्या ब्रिटिश राष्ट्रकुलापेक्षा वर ठेवतोय. मला हे वाक्य वाचून राग यायच्या आधी हसूच आलं. बिचाऱ्याने पाण्याची डबकी वाचवायला सांगितली होती आणि समोरून उत्तर आलं ते राष्ट्रकुलाचं.

रेघ नुसती आखून चालत नाही. पडलेलं शोधायला तिथे पोचावं लागतं. ते काम लेन बीडल या सर्व्हेअरचं. तारे बघून अक्षांश-रेखांश काढायचे, आपली लँडरोव्हर झुडपांतून पुढे घालायची, आरशाने उन्हाची तिरीप मागे मारायची आणि मागून बुलडोझरवाला त्या दिशेने येणार. अशा रीतीने मूठभर माणसांनी ६,००० किलोमीटरच्या वर कच्चे रस्ते काढले. गनबॅरल हायवे त्यातलाच, बंदुकीच्या नळीसारखा सरळ. एका रस्त्याला बायकोचं नाव, ॲन बीडल हायवे, एकाला मुलीचं, कॉनी सू हायवे, जंक्शनांना उरलेल्या पोरांची, गॅरी आणि जॅकी. आमच्याकडे पुढारी चौकांना आपल्या वडलांची नावं देतात तसंच हे, फक्त इथे रस्ता स्वतः बांधलाय. माणूस विनोदी होता, पुढे पुस्तकंही लिहिली, इथल्या फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांचा तो देव आहे. पण त्याच बीडलने ईमू फील्ड आणि मरालिंगा या जागाही शोधून दिल्या, अणुबॉम्बसाठी. ईमूला ऑक्टोबर १९५३ मध्ये दोन स्फोट, मरालिंगाला १९५६ आणि १९५७ मध्ये मिळून सात.

मरालिंगावर वेगळं लिहावं लागेल, इथे दोनच गोष्टी. ईमूच्या पहिल्या स्फोटानंतर वॉलटिन्नाच्या बाजूला काळं धुकं सरपटत आलं. तेव्हा लहान असलेले यामी लेस्टर पुढे आंधळे झाले आणि आयुष्यभर त्यावर बोलत राहिले, २०१७ मध्ये गेले. त्यांच्यासारख्यांच्या आवाजामुळेच १९८४-८५ मध्ये चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं. दुसरी गोष्ट, मोठे स्फोट संपल्यावर १९६३ पर्यंत 'मायनर ट्रायल्स' म्हणून जे चाललं त्यात सुमारे २२ किलो प्लुटोनियम साध्या स्फोटकांनी जमिनीवर उडवलं, पसरलं. 'किरकोळ' चाचण्या. ती जमीन साफ करायला २००० साल उजाडलं.

आता जरा यंत्रांकडे येतो, कारण इंजिनिअर आहे आणि राहवत नाही. रॉकेट सोडलं, पडलं, एवढ्याने चाचणी होत नाही. ते प्रत्येक क्षणी कुठे होतं हे कळलं पाहिजे, आणि १९५० मध्ये जीपीएस वगैरे काही नव्हतं. त्यासाठी किनेथिओडोलाइट होते. सर्व्हेवाल्यांचा थिओडोलाइट आणि सिनेमाचा कॅमेरा यांचं लग्न लावलं की जे होईल ते. दोन ऑपरेटर दोन बाजूंनी दुर्बिणीत डोळा घालून बसलेले, एक वर-खाली फिरवतो, एक आडवं फिरवतो, आणि दोघं मिळून त्या ठिपक्याच्या मागे जातात. फिल्मच्या प्रत्येक फ्रेमवर रॉकेटचं चित्र आणि त्या क्षणाचे दोन्ही कोन उमटतात. अशी ठाणी रेंजवर ठिकठिकाणी, सगळ्यांची घड्याळं एका ठोक्यावर. मग ते फिल्मचे डबे सॅलिसबरीला. इथे, म्हणजे माझ्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, तरुण मुली ओळीने बसून एकेक फ्रेम भिंगाखाली बघायच्या, कोन लिहायच्या आणि हाताने फिरवायच्या गणकयंत्रांवर त्रिकोणमिती करून रॉकेटचा मार्ग काढायच्या. त्यांच्या पदाचं नावच कॉम्प्युटर होतं. १९५५ मध्ये मशीनवाला कॉम्प्युटर आला, व्रेडॅक, ऑस्ट्रेलियातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक, तरी फ्रेम वाचायला डोळे लागायचेच. कित्येक मोठमोठ्या क्षेपणास्त्रांची मापं अशी या मुलींच्या पेन्सिलीतून निघालीत आणि रेंजच्या गोष्टी सांगताना त्यांना एखादं वाक्य मिळालं तरी खूप.

आणि जिंडिविक! हे माझं आवडतं. बिनवैमानिकाचं छोटं जेट विमान, ऑस्ट्रेलियातच बनलेलं, १९५२ पासून. काम एकच, आकाशात जाऊन क्षेपणास्त्राचं लक्ष्य व्हायचं. पंखांच्या टोकांना कॅमेरे, म्हणजे क्षेपणास्त्र किती जवळून गेलं ते कळावं. उडताना ट्रॉलीवरून उडायचं, ट्रॉली खालीच राहायची, आणि उतरताना पोटाखालच्या पट्टीवर घसरत यायचं. उतरलं तर पुन्हा उद्या ड्युटीवर. पाचशेच्या वर बनली, ब्रिटन आणि स्वीडननेही विकत घेतली. १९५०-६० च्या दशकात ब्रिटनची जी काही क्षेपणास्त्रं होती, ब्लडहाउंड, थंडरबर्ड, सी स्लग, ती या बिचाऱ्यांच्या मागे लागून तयार झाली.

या सगळ्यासाठी वाळवंटात गाव वसवलं. मरे नदीचं पाणी शेकडो किलोमीटर पाइपलाइनने आणलं, झाडं लावली, शाळा, थिएटर, स्विमिंग पूल. भर काळात पाच-सहा हजार वस्ती होती, आणि १९८२ पर्यंत बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय गावात प्रवेश नव्हता. सिक्युरिटी पास असलेली शाळकरी पोरं, काय बालपण असेल.

सगळ्यात मोठा खेळ ब्लू स्ट्रीकचा. ब्रिटनचं स्वतःचं लांब पल्ल्याचं अण्वस्त्र वाहून नेणारं रॉकेट, रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं. लेक हार्ट या मिठाच्या सरोवराच्या काठाला त्याच्यासाठी प्रचंड लाँच पॅड बांधायला घेतलं आणि एप्रिल १९६० मध्ये ब्रिटनने क्षेपणास्त्र म्हणून ते रद्दच करून टाकलं. एवढा खर्च झालेला, तो वाया कसा घालवायचा, म्हणून युरोपातल्या देशांना गोळा केलं: पहिला टप्पा आमचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा जर्मनीचा, नाव युरोपा, उपग्रह सोडू. १९६४ ते १९७० मध्ये वूमेराहून दहा उड्डाणं झाली. ब्रिटिशांचा टप्पा जवळजवळ दर वेळी व्यवस्थित चालला, मग कधी फ्रेंच टप्पा पेटलाच नाही, कधी जर्मन टप्पा गेला, शेवटी सगळं जमलं तर नाकावरचं झाकण निघेना. एकही उपग्रह कक्षेत गेला नाही. सोसायटीच्या मीटिंगला गेलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

पण मी म्हणत होतो खाली काय पडतं ते. ब्लू स्ट्रीकच्या वेळी रेघेखालच्या स्टेशनांवर सरकारने तळघरवजा शेल्टर बांधून दिले. उड्डाणाची वेळ झाली की कळवायचे, मेंढपाळाने बायकापोरांसकट आत जाऊन बसायचं. म्हणतात की बरीच मंडळी आत जायच्या ऐवजी शेल्टरच्या डोक्यावर उभी राहून मजा बघायची. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मार्तूंना शेल्टर नव्हतं. रॉकेटचे तुकडे जिथे पडायला पाहिजे होते त्या पट्ट्यात, ग्रेट सँडी डेझर्टमधल्या पर्सिव्हल लेक्सजवळ, १९६४ च्या मे महिन्यात पेट्रोल ऑफिसरांना ताज्या पाऊलखुणा दिसल्या. सुमारे वीस जणांचा जथा, सगळ्या बायका आणि पोरं, गोरा माणूस कधी बघितलेला नाही. ट्रक म्हणजे त्यांना चालते खडक वाटले. पोरांना घेऊन त्या बायका वाळूच्या टेकड्यांमागे पळाल्या, लपल्या, पुन्हा पळाल्या, आणि शेवटी काही महिन्यांनी त्यांना जिगालाँगच्या मिशनवर नेण्यात आलं. एवढा आटापिटा ज्याच्यासाठी, त्या पहिल्या ब्लू स्ट्रीकचं काय झालं, तर ५ जून १९६४ ला ते उडालं, टाकीतलं इंधन हिंदकळायला लागलं, इंजिन ठरल्यापेक्षा काही सेकंद आधी बंद पडलं, आणि ते सुमारे हजार किलोमीटरवर जाइल्सच्या हवामान केंद्राच्या अलीकडे पडलं. पर्सिव्हल लेक्सच्या खूपच आधी. त्याचे अवशेष सापडले ते १९८० मध्ये. आता जाइल्सला ठेवलेत, बघायला मिळतात. सोळा वर्षं ते कुठे पडलंय हे कोणाला माहीत नव्हतं, पण त्याच्या वाटेतून माणसं मात्र आधीच उचलली होती.

आबा, म्हणजे माझे वडील, इथे आले होते तेव्हा त्यांना वूमेरा दाखवायला नेलं. लेकाला रॉकेटं बघायची होती, आबांना कुठेही चालतं, फक्त चहा वेळेवर पाहिजे. गावात मोकळ्यावर मिसाइल पार्क आहे, जुनी रॉकेटं, विमानं, बॉम्ब रंगवून ओळीने मांडलेत, पोरं त्यांना मिठ्या मारून फोटो काढतात. त्यात एक लांबलचक नळकांडं आडवं ठेवलंय. चेपलेलं, पत्रा फाटून आतल्या फासळ्या दिसतात, रंग उन्हाने गेलेला. आबा बाकी चकाचक रॉकेटं सोडून सरळ त्याच्यापाशी गेले, काठीने टकटक केलं, वाकून कडेची जाडी बघितली. "हे पडलेलं दिसतंय," म्हणाले. मी म्हटलं, हो आबा, १९६७ ला उडवलं, सिम्पसन वाळवंटात पडलं, १९९० मध्ये शोधून आणलं. "तेवीस वर्षं? आणि कोणी नेलं नाही?" त्यांना हेच पटेना. "आपल्याकडं तेवीस मिनिटं राहिलं नसतं. आणि आणलं तर इकायचं सोडून मांडून ठेवलं व्हय."

ते नळकांडं म्हणजे रेसॅट नावाचा उपग्रह उडवणाऱ्या रॉकेटचा पहिला टप्पा. त्याची गोष्ट खरंच भारी आहे. अमेरिकेने वूमेराला वातावरणात परत येणाऱ्या वस्तूंच्या प्रयोगांसाठी रेडस्टोन रॉकेटं आणली होती, प्रयोग संपले आणि एक शिल्लक राहिलं. परत न्यायचा खर्च कशाला, त्यापेक्षा तुम्हीच वापरा म्हणाले. मग सॅलिसबरीच्या लोकांनी आणि ॲडलेड विद्यापीठाने मिळून ११ महिन्यांत ४५ किलोचा शंकूसारखा उपग्रह बनवला. २८ नोव्हेंबर १९६७ ला काउंटडाउन झालं तर गार हवा सोडणारं साधं कनेक्शन सुटेना, थांबवावं लागलं, दुसऱ्या दिवशी २९ ला गेलं. बॅटरी पाच दिवस चालली, ६४२ फेऱ्या मारून १० जानेवारी १९६८ ला जळून गेलं. आपल्या देशात बनवलेला उपग्रह आपल्याच जमिनीवरून सोडणारे अमेरिका आणि रशियानंतर हेच. आपलं रोहिणी १९८० चं. आणि एवढं करून ऑस्ट्रेलियाने काय केलं, काहीच नाही! सरकारला त्यात रस नव्हता. यांची अवकाश संस्था स्थापन झाली ती २०१८ मध्ये. उधारीच्या रॉकेटवर पोरांनी नंबर काढला आणि घरच्यांनी मार्कशीट फडताळात टाकली असा प्रकार.

त्याच १९६७ च्या २७ मे ला सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून जास्त मतांनी घटनेतलं ते न मोजण्याचं कलम काढून टाकलं. रेसॅटच्या पाटीवर अर्थात याचा उल्लेख नाही, असायचं कारणही नाही. पण मला त्या दोन तारखा शेजारीशेजारी दिसतात.

रद्द झाल्यावर उडणं ही वूमेराची खासियतच. ब्लॅक ॲरो घ्या. ब्रिटनचं स्वतःचं उपग्रह सोडणारं रॉकेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि रॉकेलवर चालणारं, त्यामुळे ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही. जुलै १९७१ मध्ये लंडनला मंत्र्यांनी जाहीर केलं की कार्यक्रम बंद. पण शेवटचं रॉकेट तोवर ऑस्ट्रेलियाला निघालेलं होतं, मग म्हणाले आता पाठवलंच आहे तर उडवून टाका. २८ ऑक्टोबर १९७१ ला उडवलं आणि प्रॉस्पेरो उपग्रह व्यवस्थित कक्षेत गेला. मागून येणारा रिकामा टप्पा त्याला धडकला आणि एक अँटेना मोडली, तरी तो चालला, अजूनही वर फिरतोय. स्वतःच्या ताकदीवर उपग्रह सोडायची कला मिळवून ती आपल्या हाताने टाकून देणारा ब्रिटन हा एकटाच देश. त्या रॉकेटचा पहिला टप्पा ॲना क्रीक स्टेशनच्या बाजूला पडला आणि तिथेच राहिला, उन्हात, गुरांच्या सोबतीला, जवळजवळ पन्नास वर्षं. २०१९ मध्ये एका स्कॉटिश रॉकेट कंपनीला उमाळा आला आणि त्यांनी तो जहाजातून घरी नेला. मरालिंगाच्या वेळी ब्रिटन आपला कचरा न्यायला इतक्या हौसेने आलं असतं तर बरं झालं असतं.

१९८० मध्ये ब्रिटन-ऑस्ट्रेलिया जोडप्रकल्प संपला. गाव ओसाड पडायचं पण अमेरिकनांमुळे तगलं, जवळच नरंगरला त्यांचं केंद्र होतं, तिथून उपग्रहांच्या मदतीने जगात कुठेही क्षेपणास्त्र उडालं की त्याची उष्णता टिपायचे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड उडाल्याची खबर इथून जायची. १९९९ मध्ये तेही बंद. आणि लगेच त्याच वर्षी गावाच्या कडेला निर्वासितांसाठी कोठडी उघडली. अफगाणिस्तान, इराक, इराणहून बोटीने आलेली माणसं. ४०० ची सोय आणि एका वेळी चौदाशेच्या वर कोंबलेले. २००२ च्या जानेवारीत लोकांनी उपोषणात ओठ शिवून घेतले. २००३ मध्ये बंद झाली. स्कडच्या खाली राहणारे काही जण फिरत फिरत स्कड मोजणाऱ्या गावात कैदी म्हणून आले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग १३ जून २०१०. जपानचं हायाबुसा यान, सात वर्षांचा प्रवास, इंजिनं बिघडलेली, मध्ये संपर्क तुटलेला, इतोकावा नावाच्या लघुग्रहाची धूळ घेऊन परत आलं. यान स्वतः वूमेराच्या आकाशात जळून गेलं आणि चाळीस सेंटिमीटरची कुपी पॅराशूटने रेंजवर उतरली. आणि ती उचलायला धावायच्या आधी काय केलं असेल, तर तिथल्या मूळनिवासी जाणत्या मंडळींना हेलिकॉप्टरने त्या जागेवर नेलं, ही तुमची पवित्र जागा तर नाही ना म्हणून दाखवलं. त्यांनी नाही म्हटल्यावर जपानी लोक पुढे गेले. मॅकडूगल बिचारा हेच सांगत होता, साठ वर्षांपूर्वी, आणि त्याला राष्ट्रकुल ऐकवलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये हायाबुसा-२ ची कुपीही इथेच आली, दुसऱ्या एका लघुग्रहाचे, र्‍युगूवरचे ५.४ ग्रॅम खडे घेऊन. ५.४ ग्रॅम! दोन हजार किलोमीटरच्या रेघेवर आजवर पडलेल्या सगळ्या लोखंडापेक्षा ते मोलाचे.

२०१४ मध्ये कोकाथांचा त्या भागावरचा पारंपरिक हक्क कोर्टाने मान्य केला. सगळं सुरळीत झालं असं समजू नका, कारण रेंज चालूच आहे, खाली खाणी आहेत, ओपलची रत्नं खोदणारे आहेत, लष्कराच्या तारखा सांभाळून सगळ्यांनी राहायचं. आणि २०२१ च्या सुरुवातीला लेक हार्टच्या बाजूला, मूळनिवासींची वारसा जागा म्हणून रीतसर नोंद असलेल्या ठिकाणी, न फुटलेलं क्षेपणास्त्र सापडलं. जुन्या ब्रिटिश काळातलं नाही, अलीकडचं. ते सापडलं कोणाला, तर लष्कराला नाही, त्या जागेची राखण करणाऱ्या कुटुंबाला.

तुम्ही ॲडलेडला आलात तर जाऊन या. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात चाळीसच्या वर सहज जातं आणि माशा तोंडात शिरतात. पोर्ट ऑगस्टानंतर स्टुअर्ट हायवेवर पिंबाला पेट्रोल भरा, तिथून गाव पाचेक मिनिटांवर. मिसाइल पार्कला तिकीट नाही. लेक हार्ट हायवेवरूनच दिसतं, गाडी थांबवायला जागाही केलीय. हायवे आणि गाव सोडून आत शिरायचं असेल तर परवाना काढा, आणि निघण्याआधी संरक्षण खात्याच्या साइटवर रस्ता बंद असायच्या तारखा बघून घ्या.